हाडे आणि तंबाखू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात हाडांच्या ठिसूळपणाविषयी लिहिताना मी कारणांमध्ये 'तंबाखू' हा एकच शब्द लिहून पुढे गेलो होतो. उरलेल्या सगळ्या लेखावर जेवढी पत्रे आली नाहीत, तेवढी त्या एका शब्दावर आली, आणि त्यांतील शंका रास्त आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय 64. अंगणात पाय घसरला, हातावर आलो आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला लावली, तर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 2.8 आला. चाळीस वर्षे ओढतो आहे, आधी विडी आणि नंतर सिगारेट. पण छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. हाडे ठिसूळ होणे हा पाळी गेलेल्या बायकांचा आजार, असे मी समजत होतो. धुराचा आणि हाडांचा संबंध कसा लावायचा? (निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : गुरुजी, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला यात समाधान आहेच, पण तो हाडांविषयी काही सांगत नाही. उभ्या माणसाने आपल्याच उंचीवरून पडावे आणि तेवढ्याने मनगट मोडावे, हीच मुळात ठिसूळ हाडांची खूण आहे. आपल्या डॉक्टरांनी नुसते प्लास्टर करून आपल्याला घरी पाठवले नाही, हे त्यांनी फार चांगले केले. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत आपल्या हाडांची घनता किती कमी आहे ते सांगणारा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवलेल्या निकषाप्रमाणे तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला, की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. हा आजार स्त्रियांमध्ये अधिक दिसतो हे खरे. पण पुरुषांनाही तो होतो, उशिरा लक्षात येतो, आणि खुब्याचे हाड मोडल्यानंतर दगावण्याचे प्रमाण पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा जास्त आहे.

आता संबंधाविषयी. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे हाड रचणाऱ्या पेशी आपल्या शरीरात आयुष्यभर एकामागून एक काम करत असतात. तंबाखूचा धूर या रचणाऱ्या पेशींचे काम मंदावतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, आणि मणक्यासारख्या हाडाला, ज्याच्या आत बारीक काड्यांची जाळी असते, रक्त कमी पडू लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्याचे प्रमाण ओढणाऱ्यांमध्ये कमी असते आणि 'ड' जीवनसत्त्वाची पातळीही खाली असते. तंबाखूच्या पानात जमिनीतून आलेले कॅडमियम असते. ते शरीरात वर्षानुवर्षे साठत राहते आणि हाडांना व मूत्रपिंडांना अपाय करते. मणक्यातील त्या जाळीची एखादी काडी झिजून तुटली, की ती पुन्हा सांधत नाही. उरलेल्या काड्या औषधांनी जाड करता येतात, तुटलेली मात्र परत जोडता येत नाही. हे सारे घडताना दुखत नाही, खोकला येत नाही, थुंकीत काही दिसत नाही. आपल्याला चाळीस वर्षे काही कळले नाही, यात आपला दोष नाही.

ही शंका वैद्यकात पहिल्यांदा ठळकपणे मांडली गेली ती 1970च्या दशकात. हॅरी डॅनियल या अमेरिकन डॉक्टरांच्या लक्षात आले, की मणके चेपलेल्या आपल्या रुग्णांमध्ये सडपातळ आणि सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया फार आहेत. त्यावर आक्षेपही लगेच आला, आणि तो चुकीचा नव्हता. सिगारेट ओढणारी माणसे मुळातच किडकिडीत असतात, अनेकदा दारूही घेतात, व्यायाम कमी करतात. मग दोष धुराचा कशावरून? या आक्षेपाला मला सर्वांत पटलेले उत्तर ऑस्ट्रेलियातील हॉपर आणि सीमन या संशोधकांनी 1994 मध्ये दिले. त्यांनी जुळ्या बहिणींच्या 41 जोड्या घेतल्या, ज्यांत एक बहीण दुसरीपेक्षा बरीच जास्त ओढणारी होती. आईवडील तेच, बालपण तेच, पुष्कळसा आनुवंशिक वारसाही तोच. तरीही जास्त ओढणाऱ्या बहिणीची हाडे पातळ निघाली. रोज एक पाकीट ओढणाऱ्या स्त्रीची हाडांची घनता पाळी जाण्याच्या वयापर्यंत सरासरी 5 ते 10 टक्के कमी झालेली असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा लहान वाटतो. पण मोडण्याच्या जोखमीत तो बराच मोठा ठरतो.

किती मोठा, तेही मोजलेले आहे. 1997 मध्ये लॉ आणि हॅकशॉ यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवले, की सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये खुबा मोडण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा साठाव्या वर्षी 17 टक्के, सत्तराव्या वर्षी 41 टक्के आणि ऐंशीव्या वर्षी 71 टक्के अधिक असतो. पुरुषांविषयी माहिती तेव्हा कमी होती, पण तिचा कल तोच होता. पुढे 2005 मध्ये सुमारे 59 हजार स्त्री-पुरुषांच्या माहितीवरून असे दिसले, की हाडांच्या घनतेतला फरक हिशेबातून वजा केला, तरीही ओढणाऱ्यांमध्ये खुबा मोडण्याचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी जास्त उरतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. डेक्साच्या आकड्यात तंबाखूचे सगळे नुकसान उतरत नाही. स्नायू अशक्त होणे, तोल जाणे, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे, हाडाचा कस उतरणे, या गोष्टी त्या यंत्राला दिसत नाहीत. म्हणूनच 'माझा स्कोअर बरा आला, आता ओढायला हरकत नाही' असे म्हणणाऱ्या रुग्णाला मी प्रत्येक वेळी थांबवतो.

आपल्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पुरुषांमध्ये हाडे ठिसूळ झाली, की त्यामागे आणखी काही कारण दडले आहे का, हे पाहावे लागते : थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, मूत्रपिंडे, 'ड' जीवनसत्त्व, दारू. चाळीस वर्षे ओढणाऱ्या माणसाला हिवाळ्यात दम लागतो, आणि तो दवाखान्यातून, कधी नुसत्या औषधाच्या दुकानातून, स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन वेळ मारून नेतो, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या गोळ्या हाडे झपाट्याने पोकळ करतात. तशा गोळ्या आपण घेतल्या असतील, तर ते आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. दुसरे असे, की मनगट ही पहिली सूचना आहे. आठवड्याची गोळी असो वा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन, हाडांचे औषध आपले डॉक्टर ठरवतील. पण ओढणे चालू ठेवून घेतलेले औषध म्हणजे बुडाला भोक असलेली घागर भरत राहणे आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. पाठीचा मणका चेपला म्हणून त्यांना दवाखान्यात नेले होते. तिथे 'धूम्रपान करतात का?' असे विचारले, तेव्हा आम्ही 'नाही' म्हणून सांगितले. त्या विडी ओढत नाहीत, पण लग्न झाल्यापासून दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात. मामंजी तंबाखू चुन्यासोबत खातात आणि म्हणतात, 'चुन्यात कॅल्शियम असते, माझी हाडे बघ कशी आहेत.' मिश्रीचे आम्ही सांगायला हवे होते का? (गृहिणी, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, हवे होते, पण चूक तुमची नाही, प्रश्न विचारणाऱ्याची आहे, आणि त्यात मीही आलो. आमच्या केसपेपरवर 'धूम्रपान : होय / नाही' एवढीच चौकट असते. पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढणारे 'फ्रॅक्स' नावाचे जे गणित जगभर वापरतात, त्यातही धूम्रपानाची चौकट आहे, मिश्रीची नाही. आपल्या राज्यात मात्र चित्र उलटे आहे. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर शंभर प्रौढांमागे ओढणारे जेमतेम चार आहेत, आणि धूर न करता तंबाखू खाणारे, चोळणारे, लावणारे चोवीस. म्हणजे आम्ही चौघांना विचारतो आणि चोविसांना सोडून देतो.

एक वृद्ध बाई तपासणीसाठी आल्या होत्या. पाठ दाखवताना त्यांनी पदर सावरला, तेव्हा उजव्या हाताची तर्जनी मुळापर्यंत काळपट दिसली, आणि बोलताना हिरड्यांची कडही तशीच. 'आजी, मिश्री किती वेळा?' असे मी विचारल्यावर त्या लाजल्या आणि म्हणाल्या, 'दात घासायची हाय की ती, डॉक्टर, तंबाखू नव्हं.' तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून डबीत भरायची, हे त्यांनी स्वतःच्या हाताने पन्नास वर्षे केले होते, आणि तरीही तंबाखू हा शब्द त्यांनी स्वतःला कधी लावला नव्हता. तेव्हापासून मी बायकांना 'मिश्री लावता का, तपकीर ओढता का, तंबाखू धरता का' असे एकेक नाव घेऊन विचारतो.

सिगारेटबद्दल जेवढा भक्कम पुरावा आहे तेवढा मिश्रीबद्दल नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मिश्रीत नाही. स्त्रियांच्या शरीरातील, हाडे राखणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक लवकर नष्ट होणे आणि पाळी एक ते दोन वर्षे आधी जाणे, हे नुकसान सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये सिद्ध झालेले आहे. ते तसेच्या तसे मिश्रीला लावणे योग्य होणार नाही. पण निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, दिवसातून चार वेळा जाते, आणि कॅडमियम त्या तंबाखूतही असते. शिवाय मिश्रीने भूक मरते. शेतावर जाणाऱ्या कित्येक बायका सकाळची मिश्री लावून, चहा पिऊन दुपारपर्यंत काढतात. दात हलले, हिरड्या सुटल्या, की भाकरी दुधात किंवा कालवणात कुस्करून कशीबशी खाल्ली जाते. शेंगदाणे, तीळ, पालेभाजी मागे पडते. पाळी गेल्यानंतर स्त्रीला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि अशा ताटात त्याच्या निम्मेही नसते. सासूबाईंच्या वजनाकडे लक्ष द्या. ते घटत असेल, तर त्यांच्या हाडांवरचा तो वेगळा भार आहे. नाचणीची आंबील त्यांना सहज घेता येईल. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

आता मामंजींचा चुना. चुन्यात कॅल्शियम असते, हे रसायनशास्त्र बरोबर आहे. पण तळहातावर तंबाखूत नखभर चुना मळायचा तो कॅल्शियमसाठी नव्हे. चुन्याच्या क्षारपणामुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात शिरते. चुना न घातलेली तंबाखू 'लागत नाही' असे खाणारे म्हणतात, त्याचे कारण हेच आहे. त्या चुन्यातला बहुतेक भाग पिचकारीबरोबर बाहेर जातो, आणि जो तोंडात राहतो तो गालाची त्वचा भाजतो. तोंडाच्या कर्करोगाने आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत किती घरे उद्ध्वस्त केली आहेत, हे मामंजींनी गावातच पाहिले असेल. त्यांची हाडे आज कशी आहेत, हे त्यांच्या दंडावरून सांगता येणार नाही. तरुणपणच्या उंचीपेक्षा ते तीन-चार सेंटिमीटरने बुटके झाले असतील, तर त्यांच्याही मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या.

प्रश्न : मुलगा 20 वर्षांचा, पुण्यात वसतिगृहात राहतो. टपरीवर चहाबरोबर दिवसाला पाच-सहा सिगारेटी होतात, हे त्यानेच सांगितले. जिमला जातो, दूध-अंडी खातो, त्यामुळे हाडांना काही होणार नाही असे म्हणतो. (आई, अहिल्यानगर)

उत्तर : त्याने आपणहून सांगितले, हे मला फार मोलाचे वाटते; त्यावर रागावू नका. हाडांची भरती साधारण पंचविशी-तिशीपर्यंत चालते. तोवर जेवढे हाड जमेल त्यावर उरलेले आयुष्य काढायचे असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे 18 ते 20 वर्षांच्या हजाराहून अधिक तरुणांची तपासणी झाली, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्यांच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता न ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. ती मुले म्हातारी नव्हती, आजारी नव्हती, आणि त्यांची ओढण्याची वर्षेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जिमचा आणि दुधाचा फायदा खरा आहे, तो चालू ठेवावा. मात्र तो धुराचे नुकसान पुसून टाकत नाही. ई-सिगारेटचा पर्याय कोणी सुचवला, तर त्यातही निकोटिनच असते आणि 2019च्या कायद्याने तिच्या विक्रीवर देशभर बंदी आहे, हे त्याला सांगा.

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात माझी नडगी मोडली, हाड बाहेर आले होते. रॉड घातला आहे. पाच महिने झाले तरी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसत नाही. सर्जन म्हणतात, सिगारेट सोडा. सगळेच डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात. की यात खरेच तथ्य आहे? मी 34 वर्षांचा आहे. (यंत्रचालक, नाशिक)

उत्तर : पुरेपूर तथ्य आहे, आणि तुमच्या सर्जननी हे सवयीने सांगितलेले नाही. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मऊ सांधा तयार होतो आणि मग त्याचे हाड होते. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली मांस जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा मुळात बेताचा. तुमचे हाड बाहेर आले, म्हणजे तोही फाटला. अशा जागी निकोटिनने उरलेल्या वाहिन्या आकसल्या, की नवे हाड धरायला लागणारी रसद तुटते. अमेरिकेत नडगीच्या अशाच उघड्या फ्रॅक्चरचे रुग्ण दोन वर्षे पाहिले गेले. त्यांत ओढणाऱ्यांचे हाड जुळण्याची शक्यता 37 टक्क्यांनी कमी होती आणि हाडात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक होते.

न जुळलेले हाड मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहतो. दोन टोकांच्या मध्ये पांढरट, चिवट, दोरीसारखे तंतू असतात, आणि टोके गुळगुळीत झालेली असतात. ते सगळे खरवडून, कमरेच्या हाडाचा भुगा काढून तिथे भरावा लागतो. म्हणजे दुसरी मोठी शस्त्रक्रिया, दुसरे चार-सहा महिने आणि कामावरचा दुसरा खाडा. वयस्क, ठिसूळ हाडाची गोष्ट आणखी वेगळी. चांगल्या हाडात स्क्रू आवळत जातो तसा शेवटच्या वेढ्याला हाताला अडतो. ठिसूळ हाडात तो नुसता गोल फिरत राहतो आणि पकडच येत नाही. तुमचे हाड अजून तसे नाही. पाचवा महिना ही उशीर झाल्याची खूण आहे, हात टेकण्याची वेळ नव्हे. आज सिगारेट थांबवा आणि सर्जनच्या तारखा चुकवू नका. मधुमेह आहे का, जखमेत जंतू राहिला आहे का, हेही ते पाहतील. पुन्हा शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिच्या आधी निदान चार आठवडे धूर बंद असायला हवा.

प्रश्न : गावातल्या मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून हाडे 'कमजोर' असल्याचा कागद दिला आणि गोळ्यांचे पाकीटही विकले. काय करावे? (वाचक, लातूर)

उत्तर : टाचेचे यंत्र ध्वनिलहरींवर चालते. त्यावरून फार तर पुढे तपासणी करावी का एवढे कळते, निदान होत नाही. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गरज असल्यास डेक्सा करून घ्या. गोळ्या त्यानंतर.

प्रश्न : यजमान 71 वर्षांचे आहेत. आता सोडून काय मिळणार, असे ते म्हणतात. खरेच काही मिळेल का? सोडायची तर निकोटिनचे च्युइंगम घ्या असे एकाने सांगितले, पण निकोटिननेच हाडांचे नुकसान होते ना? (रत्नागिरी)

उत्तर : अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात असे दिसले, की सिगारेट सोडल्यानंतर खुबा मोडण्याचा वाढीव धोका कमी होण्यास दहा वर्षे लागतात. हा काळ मोठा आहे आणि मी तो लपवणार नाही. पण 71 वर्षांच्या माणसाचे 81 वे वर्ष हेच खुबा मोडण्याचे वय आहे; म्हणजे त्यांनी आज सोडले, तर नेमके तेव्हा त्यांना त्याचे फळ मिळेल. पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांनी वर्षभर सिगारेट सोडली, त्यांच्या खुब्याची घनता त्या एका वर्षातच थोडी सुधारल्याचेही नोंदले गेले आहे. दम कमी लागणे, जिना चढता येणे, चालण्यात जोर येणे, हे तर काही आठवड्यांतच जाणवते, आणि ज्याच्या पायात जोर आहे तो घसरून पडण्याची शक्यता कमी असते. वजन दोन-चार किलोने वाढेल, त्याची भीती नको. किडकिडीत म्हाताऱ्या माणसाच्या खुब्यासाठी ते चांगलेच आहे.

च्युइंगमविषयीची तुमची शंका विचारी आहे. त्यात निकोटिन असते, पण धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि इतर हजारो रसायने नसतात, आणि ते कायमचे घ्यायचे नसून साधारण आठ ते बारा आठवड्यांत कमी करत बंद करायचे असते. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. सोडण्याचा दिवस ठरवून त्या दिवसापासून सुरुवात करावी. 1800-11-2356 या केंद्र सरकारच्या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशक बोलतात; पहिल्या आठवड्यात तल्लफ येते तेव्हा त्या बोलण्याचा खरा उपयोग होतो. च्युइंगम चघळण्याची रीतही सांगतो, कारण बहुतेक जण ते साध्या च्युइंगमसारखे भराभर चावतात आणि मग उचकी लागली, मळमळले म्हणून सोडून देतात. तोंडात चुणचुण जाणवेपर्यंत सावकाश चावावे, मग गालाच्या कडेला ठेवून द्यावे, चुणचुण थांबली की पुन्हा चार वेळा चावावे. असे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर निकोटिन शोषले जात नाही. चघळून झालेला तुकडा कागदात गुंडाळून टाकावा आणि नातवंडांच्या हाती लागू देऊ नये.